मायामीत दखनी

दुकानाच्या रांगेत आमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांनी आम्हांला सुनावलं, की हा अमेरिका देश आहे, इथे इंग्रजी बोलायचं असतं. आम्ही त्या वेळी भेंडीच्या भावावरून बोलत होतो. "इत्ते पैशे में तो सोलापुरात टोपली भरके भेंडी आती," हे काही कुणाला झोंबावं असं वाक्य नव्हे. पण आजोबांच्या कानाला ते स्पॅनिश वाटलं असावं. मायामीत सावळ्या रंगाची, काळ्या केसांची दोन वयस्क माणसं इंग्रजीखेरीज काही बोलत असतील, तर ती स्पॅनिशच असणार, असा तिथला हिशेब.

आजोबा पुढे काही बोलले नाहीत. पैसे घेणाऱ्या बाईंनी मात्र ते सगळं ऐकलं होतं. आमची पाळी आली तशा त्या आमच्याशी भराभर स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. सूर समजुतीचा होता, "मनावर घेऊ नका" असं काहीतरी म्हणत असाव्यात. आम्ही नुसते हसत राहिलो. शेवटी आम्ही इंग्रजीत सांगितलं, की आम्हांला स्पॅनिश येत नाही. बाईंचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं, हे आपल्यातलेच असून त्या म्हाताऱ्याला घाबरून भाषा नाकारताहेत. असे लोकही तिथे असतात म्हणे. त्यांनी सुटे पैसे काहीशा जोरानेच आमच्या हातावर ठेवले.

पाच मिनिटांत दोन आरोप. इंग्रजी बोलत नाही म्हणून एक, आणि स्पॅनिश बोलत नाही म्हणून दुसरा. खरं सांगायचं तर दोन्ही आमच्या ओळखीचेच होते. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. आणि मोहल्ल्यात? "क्या गुरुजी, घर में भी मराठीच झाडते क्या?" तिथंही कौतुक नव्हतंच.

आम्ही दोघंही शिक्षक, आता निवृत्त. एकाची सगळी नोकरी मराठी शाळेत झाली, दुसरीची उर्दू शाळेत. आमच्यातले गुरुजी आणि आमच्यातल्या आपा घरात बोलतात ती भाषा मात्र दोन्ही शाळांत शिकवली जात नाही. ती दखनी. तिच्यात 'नको' मराठीतून आलाय, 'हौ' आहे, 'कायकू' आहे, आणि तिचं व्याकरण कुणी विचारलं तर दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. सोलापूर हे गाव असं, की सकाळी दूधवाल्याशी कानडीचे चार शब्द, विणकर शेजाऱ्याशी तेलुगूमिश्रित मराठी, मशिदीत उर्दू आणि कचेरीत मराठी, असा दिवस जायचा. याला कुणी बहुभाषिकता म्हणत नव्हतं. त्याला बाजार म्हणत.

मुलांच्या वेळी मात्र आमचं भांडण झालं होतं. गुरुजींचं म्हणणं, मुलं मराठी शाळेत जातील. इथंच राहायचं, इथंच नोकरी करायची. आपांचं म्हणणं, मग त्यांना आपल्या माणसांचं लिहिलेलं वाचता कसं येणार? शेवटी तोडगा निघाला तो व्यवहारी होता, शहाणपणाचा होता असं म्हणवत नाही. थोरला मराठी शाळेत गेला, धाकटी लेक उर्दू शाळेत. दोघांनाही त्याची किंमत पडली. लेक अकरावीला कॉलेजात गेली आणि वर्षभर वर्गात तोंड उघडू शकली नाही. ते वर्ष ती आम्हांला अजून विसरू देत नाही. थोरल्याला त्याच्या नानांची पत्रं वाचता येत नाहीत. नाना गेल्यावर ट्रंकेतून त्यांच्या पत्रांचा गठ्ठा निघाला, त्यातली निम्मी थोरल्याच्या नावची होती. ती त्याला बहिणीनं फोनवरून वाचून दाखवली.

तर हा थोरला मायामीत एका जहाज कंपनीत हिशेबाचं काम करतो. सून गुलबर्ग्याची, तिला दखनी येते, कानडी येते, मराठी कळते पण वाचता येत नाही. नात पाच वर्षांची. 2024 च्या डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो ते एप्रिलपर्यंत राहिलो.

मायामी म्हणजे समुद्र आणि नारळ, एवढंच आम्ही ऐकून होतो. प्रत्यक्षात ते गाव निम्मं क्यूबाचं आहे. 2020 च्या जनगणनेत मायामी-डेड काउंटीतली शंभरातली जवळजवळ 69 माणसं लॅटिन वंशाची भरली. नगरपालिकेचा कारकून, बँकेतला माणूस, दवाखान्यातली नर्स, सगळे आधी स्पॅनिशमध्ये सुरुवात करतात आणि आपण गोंधळलेलो दिसलो की इंग्रजीवर येतात. हॉटेलांच्या भिंतींना रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या असतात. तिथे उभं राहून लोक अंगठ्याएवढ्या पेल्यातून गोड, काळीकुट्ट कॉफी पितात आणि राजकारण बोलतात. सोलापुरातल्या चहाच्या टपरीचीच आठवण व्हावी.

सुनेनं ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली, त्यांतून या गावाची गोष्ट आम्हांला हळूहळू कळत गेली. 1959 मध्ये क्यूबात क्रांती झाली आणि कॅस्ट्रोला भिऊन तिथला सुखवस्तू वर्ग मायामीत येऊन थांबला. सगळ्यांना वाटत होतं, वर्षा-दोन वर्षांत परत जायचं आहे. म्हणूनच 1963 मध्ये तिथल्या कोरल वे नावाच्या सरकारी शाळेनं अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश असा वर्ग सुरू केला, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. क्यूबन मुलांबरोबर इंग्रजी बोलणारी मुलंही त्यात बसत. आजच्या काळातल्या अमेरिकी सरकारी शाळांमध्ये द्वैभाषिक शिक्षणाची सुरुवात त्या शाळेपासून धरतात. 1973 मध्ये काउंटीनं ठराव केला, की हा भाग यापुढे द्वैभाषिक आणि द्विसांस्कृतिक राहील. पाहुणे आता राहायलाच आलेत, हे कागदावर उमटलं, आणि बहुधा तिथंच कुणाच्या तरी पोटात दुखू लागलं.

मग 1980 साल. त्या एका वर्षात त्या गावावर काय काय कोसळलं हे वाचून आम्ही थक्क झालो. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्यूबाच्या मारियेल बंदरातून बोटींमधून सव्वा लाख माणसं फ्लोरिडात आली. मे महिन्यात आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करून ठार करणाऱ्या पोलिसांना सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं निर्दोष सोडलं आणि लिबर्टी सिटी हा कृष्णवर्णीयांचा भाग पेटला. 18 माणसं मेली. आणि नोव्हेंबरात डेड काउंटीनं मतदान घेऊन 1973 चा ठराव मोडीत काढला. इंग्रजीखेरीज कुठल्याही भाषेवर काउंटीचा पैसा खर्च करायचा नाही, सभा आणि कागदपत्रं फक्त इंग्रजीत, असा कायदा शंभरापैकी 59 च्या आसपास मतांनी मंजूर झाला. अमेरिकेखेरीज दुसऱ्या संस्कृतीला उत्तेजन द्यायला पैसा वापरायचा नाही, हेही त्यातच होतं. मोटारींच्या मागे तेव्हा एक चिठ्ठी चिकटवलेली असे, तिचा अर्थ असा, की मायामी सोडून जाणाऱ्या शेवटच्या अमेरिकन माणसानं जाताना झेंडा तेवढा आठवणीनं घेऊन यावा.

ही मोहीम उभी करणाऱ्या बाई स्वतः युरोपातून निर्वासित होऊन आलेल्या होत्या. आणि पुढे 1983 मध्ये देशभर इंग्रजीला राजभाषा करा म्हणून संस्था काढणाऱ्या दोघांपैकी एक, सिनेटर हायाकावा, हे जपानी आईबापांच्या पोटी कॅनडात जन्मलेले. आम्ही हे वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं. मागून आलेल्याला दार लावण्याची घाई आधी आलेल्यालाच जास्त असते, याचे नमुने आमच्या मोहल्ल्यातही आहेत. पण तो विषय इथे नको.

1984 मध्ये त्या कायद्यातून दवाखाना, आणीबाणी, म्हातारी आणि अपंग माणसं यांना वगळावं लागलं. आजाऱ्याला आधी भाषा शिकून ये म्हणून सांगता येत नाही. 1988 मध्ये सबंध फ्लोरिडा राज्यानं मतदान करून इंग्रजीला राजभाषा केलं. आणि 1993 च्या मे महिन्यात काउंटीच्या नव्या मंडळानं 1980 चा कायदा रद्द केला. तेरा वर्षं तो कायदा होता आणि तेरा वर्षं दुकानात, घरात, चर्चमध्ये स्पॅनिश वाढतच गेली. ज्या वर्तमानपत्रानं 1976 मध्ये स्पॅनिश पुरवणी काढली होती, त्यानं 1987 मध्ये, म्हणजे कायदा असतानाच, तिला नवं रूप देऊन आणखी मोठं केलं.

पुस्तकातली ही गोष्ट आमच्या शेजारीच राहत होती. शेजारची क्यूबन बाई आमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिला आम्ही खाला म्हणू लागलो. खालाला इंग्रजी येत नाही, आपांना स्पॅनिश येत नाही. थोरला ऑफिसात स्पॅनिश शिकलाय, तो रविवारी मध्ये बसला की खऱ्या गोष्टी निघत. खाला 1980 मध्ये मारियेलच्या बोटीतून आईबरोबर आली. तो उन्हाळा तिनं महामार्गाच्या पुलाखाली उभारलेल्या तंबूंत काढला. मग हायलियात कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली ती तीस वर्षं. तिथे मालक क्यूबन, मुकादम क्यूबन, शेजारची क्यूबन. इंग्रजीची गरज कुठे पडली? नोव्हेंबरात तो कायदा झाला तेव्हा तिला तो कुणीतरी स्पॅनिशमध्येच वाचून दाखवला, असं ती हसून सांगे. पण आईला इस्पितळात नेलं होतं तेव्हा फॉर्म समजावून सांगायला कुणी आलं नाही, हे सांगताना ती हसत नसे.

खालाचं दुखणं मात्र आता वेगळं आहे. तिचा नातू तिच्याशी इंग्रजीत बोलतो. ती स्पॅनिशमध्ये विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांनाही अर्धं अर्धं कळतं. सरकारनं तेरा वर्षं कायदा करून जे झालं नाही, ते नातवाच्या टीव्हीनं आणि शाळेतल्या मित्रांनी केलं.

आमच्या पोटापाण्याच्या अडचणी तिनं सोडवल्या. आम्ही शिकलेला पहिला स्पॅनिश शब्द 'सेर्दो', म्हणजे डुक्कर. तो शिकल्याशिवाय तिथे मुसलमानाला चालता येत नाही. दुसरा शब्द 'मांतेका'. क्यूबन पाव फार चवीचा, लांबलचक, वर कुरकुरीत. दहा दिवस आम्ही तो चहात बुडवून खाल्ला आणि अकराव्या दिवशी कळलं, की त्यात मांतेका, म्हणजे डुकराची चरबी घालतात. आपांनी दोन दिवस जेवण टाकलं. खालाला कळलं तेव्हा ती घाबरीघुबरी झाली, आणि मग स्वतः तेल घालून तसाच पाव भाजून घेऊन आली. दारात उभी राहून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, "असेइते, असेइते." आपांना तो समजला. अज्-झैत. कुरआनात जैतुनाचा उल्लेख आहे, मदरशात तेलासाठी तोच शब्द शिकलेला. आपा म्हणाल्या, "ऐ, ये तो अरबी बोलती!"

त्या दिवसापासून दोघींचा खेळच सुरू झाला. साखर दाखवली की 'असुकार', आपल्या अरबीत अस्-सुक्कर. तांदूळ 'अरोस', अर्-रुज्ज. उशी 'आल्मोआदा', अल्-मिखद्दा. आणि एकदा नातवाची परीक्षा होती, तेव्हा खाला वर बघत म्हणाली, "ओहाला." थोरल्यानं सांगितलं, याचा अर्थ 'असं होवो'. हा शब्दही स्पेनमधल्या मुसलमानांकडून राहिलेला, अल्लाहनं चाहलं तर, अशा अर्थाचा. खाला रोज चर्चला जाणारी. तिला सांगितलं की तू दिवसातून दहा वेळा अल्लाहचं नाव घेतेस, तर ती इतकी हसली की खुर्चीत बसली.

स्पॅनिशचा इतिहास असा गमतीचाच असता तर बरं झालं असतं. 1492 मध्ये ग्रॅनडा पडलं तेव्हा मुसलमानांना लिहून दिलं होतं, की तुमचा धर्म आणि रीत सांभाळली जाईल. दहा वर्षांत तो कागद फाटला आणि सगळ्यांना जबरीनं बाप्तिस्मा दिला गेला. मग 1567 मध्ये राजा दुसरा फिलिप याचा हुकूम निघाला, की तीन वर्षांत सगळ्यांनी कास्तीलची भाषा शिकावी, त्यानंतर अरबी बोलणं, वाचणं, लिहिणं बंद, घरातसुद्धा. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदारानं त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता: माल्टाचे लोक ख्रिस्ती आहेत आणि अरबी बोलतात, मग भाषेचा धर्माशी संबंध काय? अर्ज फेटाळला गेला. पुढल्याच वर्षी बंड झालं, आणि 1609 पासून त्या सगळ्यांना देशाबाहेर काढलं. त्यांच्यातले बरेच जण तोवर अरबी विसरले होते. ते स्पॅनिशच बोलत, पण लिहीत अरबी अक्षरांत. अशा पोथ्या 1884 मध्ये एका गावात जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली सापडल्या. भाषा गेली तरी अक्षर लपवून ठेवलेलं होतं. आपांनी ही ओळ दोनदा वाचायला लावली.

तीन वर्षांची मुदत हा आकडा आम्हांला ओळखीचा वाटला. 1684 मध्ये गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं कोंकणी सोडून पोर्तुगीज शिकायला लोकांना अशीच तीन वर्षं दिली होती. कोंकणी आहे तिथंच आहे. पोर्तुगीज मात्र पाव आणि बटाटा होऊन आपल्या ताटात येऊन बसली.

तेव्हा मायामीत स्पॅनिश म्हणजे बिचारी आणि इंग्रजी म्हणजे जुलमी, असं सरळ आम्हांला काही मांडता येईना. त्यातून एक दिवस एका हैतीच्या टॅक्सीवाल्यानं आमचं गणित आणखी बिघडवलं. तो म्हणाला, आमच्या देशात घरात क्रेओल आणि कचेरीत फ्रेंच; 1987 च्या राज्यघटनेनं क्रेओलला राजभाषा केलं तेव्हा कुठे ती कागदावर आली. इथे आलो तर म्हणतात इंग्रजी हवी. इंग्रजी शिकलो तर नोकरीच्या जाहिरातीत म्हणतात स्पॅनिश हवी. लिबर्टी सिटीतल्या ज्या माणसांची इंग्रजी पिढ्यान् पिढ्यांची आहे, त्यांनाही हॉटेलात उभं करत नाहीत, कारण स्पॅनिश येत नाही. शिवाय 1980 मध्ये क्यूबाच्या बोटी आल्या तशा हैतीच्याही आल्या होत्या. क्यूबन माणसाला निर्वासित म्हटलं आणि हैतीच्या माणसाला तुरुंगवजा छावणी दाखवली. आता तिथे मतपत्रिका तीन भाषांत छापतात, इंग्रजी, स्पॅनिश आणि क्रेओल. टॅक्सीवाला म्हणाला, तिसरी भाषा फक्त मत मागताना आठवते. आम्ही म्हटलं, आमच्याकडेही निवडणुकीत पत्रकं उर्दूत निघतात.

2025 चा पहिला रोजा अमेरिकेत 1 मार्चला, शनिवारी होता. त्याच दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही अमेरिकेची राजभाषा असल्याच्या आदेशावर सही केली. इतकी वर्षं देशाला अशी राजभाषाच नव्हती, हे आम्हांला तेव्हा कळलं. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी कामात त्यांच्या भाषेत मदत मिळावी, असा 2000 सालचा क्लिंटन यांचा आदेश त्यासोबत रद्द झाला. इफ्तारला खाला आली होती. टीव्हीवर बातमी स्पॅनिशमध्येच चालली होती. ती खजूर तोंडात टाकत म्हणाली, की तिनं हे चित्र आधी पाहिलेलं आहे.

खालाला काही वाटलं नाही. थोरल्याला वाटलं.

त्याच आठवड्यात नातीच्या शाळेचे फॉर्म आले. ऑगस्टमध्ये ती बालवर्गात जाणार होती. फ्लोरिडात शाळेत नाव घालताना तीन प्रश्न विचारतात: घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरतात का? मुलाची पहिली भाषा इंग्रजीखेरीज दुसरी होती का? मूल बहुतेक वेळा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतं का? थोरल्यानं तिन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

आपांनी तो फॉर्म पाहिला. इंग्रजी अक्षरं त्यांना सावकाश वाचता येतात. पहिला प्रश्न त्यांनी बोट ठेवून वाचला. मग थोरल्याला विचारलं, "मैं तेरे घर में तीन महिने से कौनसी जबान बोलरी?"

थोरला समजावू लागला. एकदा 'हो' म्हटलं की मुलीची परीक्षा घेतात, कच्ची ठरली की वेगळ्या तासाला बसवतात, शिक्का बसतो. आणि सध्याचे दिवस कसे आहेत ते तुम्ही बघता आहात. चार खुणांनी काय फरक पडतो, अम्मी? घरात आपण बोलतोच की.

सून स्वयंपाकघरातून काही बोलली नाही. भांडी जरा जास्त वाजली.

आमच्यातले गुरुजी अशा वेळी लांबलचक बोलतात. त्या दिवशी गप्प राहिले. त्याचं कारण 2001 च्या जनगणनेत होतं. शिक्षकांना हे काम असतंच, आमच्या घरी आलेला प्रगणक गुरुजींचाच सहकारी होता. आपा शाळेत होत्या. मातृभाषेच्या रकान्यात सहकाऱ्यानं न विचारताच 'उर्दू' लिहायला घेतलं. गुरुजींनी त्याचा हात धरला आणि घरातल्या सगळ्या माणसांपुढे 'मराठी' लिहायला लावलं. त्या वेळी त्यांना फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. मुसलमानाची मातृभाषा उर्दूच, हे गृहीत धरणाऱ्याला उत्तर दिलं होतं ना! संध्याकाळी आपांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "मेरे सामने भी मराठी लिखे? मेरेकू पूछे बगैर?" आणि दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. दखनीचं नाव त्या दिवशी आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, हे आता लक्षात येतं. नाव घेण्यासारखी ती भाषा आहे, असंच कधी वाटलं नव्हतं.

तर थोरल्याला काय आणि कुठल्या तोंडानं सांगणार?

फॉर्म देण्याच्या दिवशी थोरल्याला रजा नव्हती. सून आणि आम्ही दोघं शाळेत गेलो. रांगेत उभं असताना सुनेनं पर्समधून पेन काढलं आणि पहिल्या दोन प्रश्नांवरच्या खुणा खोडून 'हो' केलं. आम्हांला म्हणाली, "मैं उनकू बोलूंगी." खिडकीतल्या क्यूबन बाईंनी फॉर्म पाहून विचारलं, कोणती भाषा? सून म्हणाली, दखनी. बाईंनी संगणकावरची यादी वरखाली केली. दखनी सापडेना. त्यांनी विचारलं, हिच्या सर्वांत जवळची कोणती? सून म्हणाली, उर्दू. त्याच वेळी आमच्यातले गुरुजी हळूच म्हणाले, मराठी. बाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि उर्दूवर बोट दाबलं.

नातीची परीक्षा झाली. दहा मिनिटांत तपासणाऱ्या बाई तिला बाहेर घेऊन आल्या. मुलगी इंग्रजीत इतकी बोलते की थांबत नाही, म्हणाल्या. कसला शिक्का नि कसलं काय. अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश अशा वर्गात तिचं नाव लागलं. थोरला दोन दिवस सुनेवर रुसला होता. मग त्यानं स्वतःच खालाला ही बातमी सांगितली. खाला म्हणाली, म्हणजे आता ही माझ्याशी बोलेल. तिचा स्वतःचा नातू शेजारीच बसला होता.

एक गंमत राहिलीच. तिथल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतल्या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, की मायामीत जन्मलेली मुलं इंग्रजी बोलतात तीही स्पॅनिशच्या वळणाची. मोटारीतून उतरायचं तर बाकीची अमेरिका 'गेट आऊट' म्हणते, मायामीतली मुलं 'गेट डाऊन फ्रॉम द कार' म्हणतात. गुरुजींनी चौतीस वर्षं मुलांना हेच इंग्रजी शिकवलं होतं आणि साहेबांच्या तपासणीत त्यावरून शेराही खाल्ला होता. ते दिवसभर खूश होते.

एप्रिलच्या मध्याला आम्ही परतलो. घर उघडलं, शेजाऱ्यांनी साठवलेली वर्तमानपत्रं आणून दिली, त्यांत पातूरची बातमी होती. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीखाली उर्दूची एक ओळ होती. ती काढा म्हणून एक माजी नगरसेविका कोर्टात गेल्या होत्या. 15 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मराठीबरोबर उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीतली आहे. आपांनी विचारलं, "वो ग्रॅनडे का बुड्ढा भी येच बोला था ना?" गुरुजींनी हौ म्हटलं. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याला हे कोर्ट मिळालं नाही. दोन महिन्यांनी, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी करण्याचा सरकारी निर्णय मागे घेतला गेला, त्या वेळी गुरुजींनी मराठीच्या बाजूनं चौकात भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एकानं हात हातात घेऊन म्हटलं, "गुरुजी, तुम्ही मराठी किती छान बोलता!"

नात आता दर रविवारी फोनवर येते. आमच्या संध्याकाळी तिची सकाळ असते. खालाच्या मांडीवर बसून कधी कधी बोलते. खाला स्पॅनिशमध्ये काही सांगते, नात ते इंग्रजीत करते, थोरला ते मराठीत करतो आणि गुरुजी आपांना दखनीत सांगतात. इतक्या हातांतून आलेला निरोप बहुतेक वेळा एवढाच असतो, की गुडघे कसे आहेत. नातीनं मागच्या महिन्यात हट्ट धरला, की मला दादीची अक्षरं शिकव. आम्ही त्याच दिवशी बाजारात गेलो आणि दोन पुस्तकं आणली, एक मराठी अंकलिपी, एक उर्दूचा कायदा. दोन्ही टेबलावर आहेत. पहिल्या धड्याला कुठलं उघडायचं यावर तीन रविवार गेले, आणि तोवर ती स्पॅनिशमधले महिने म्हणून दाखवते.